शून्य एक सहा शून्य

नवा लॅपटॉप पुढ्यात आल्यावर गोरक्षने पहिल्याच कागदाला जे केलं, ते तो गेली एकोणीस वर्षं रोज करत आला होता. नजर कागदावर, डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धरलेला, आणि उजवा हात न बघता उजवीकडे टाकलेला, शून्य दोन एक सहा मारायला. ते मारलं की व्यासाचं चिन्ह उमटतं, एक गोल आणि त्याला तिरपा छेद. बोटं टेबलाच्या सनमायकावर आपटली. त्याने खाली पाहिलं. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन या लॅपटॉपला नव्हताच. अक्षरं संपली की मशीन संपत होतं आणि पुढे टेबल, टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं त्याला झालं. वरच्या रांगेतले आकडे होते, पण त्यांच्याने चिन्ह येत नाही, हे त्याच्याइतकं नाशिकच्या अंबडमध्ये कुणाला माहीत असणार? तरी त्याने मारून पाहिलं. काही आलं नाही. खालच्या वर्कशॉपमधून मशीनचा रोजचा आवाज फरशीतून पायात येत होता आणि समोर कर्सर लुकलुकत होता. हात जागेवर घ्यायचंही त्याला काही वेळ सुचलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला असल्या फालतू गोष्टीने रडू फुटावं यात काही अर्थ नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि रडू काही फुटलंही नाही. फक्त थकवा आला, सकाळी साडेनऊलाच, संध्याकाळी येतो तेवढा.

या चिन्हांवर तो जगला होता असं म्हणायला हरकत नाही. सायखेड्याहून नाशिकला आला तेव्हा भद्रकालीतल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका टाइप करायला बसला. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे अर्धी अक्षरं कीबोर्डवर आणि अर्धी पोटात. पोटातली बाहेर काढायची तर ऑल्ट आणि चार आकडे. ज्ञ वेगळा, द्य वेगळा, वर गणपती, कोपऱ्यात कलश. भिंतीवर तक्ता असायचा, पण लग्नसराईत तक्त्याकडे बघायला फुरसत कुणाला. गोरक्षच्या बोटांनी तो तक्ता गिळला. एकदा एक साहेब मुलीची पत्रिका करायला आले आणि खुर्चीत बसून त्याच्या हाताकडेच बघत राहिले. ते रंगनाथ साहेब, अंबडच्या या कारखान्याचे तेव्हाचे क्वालिटीचे मुख्य. पत्रिका हातात पडल्यावर त्यांनी विचारलं, व्यासाचं चिन्ह काढता येतं का, अंशाचं, अधिक-वजाचं. गोरक्षने तिन्ही काढून दाखवली, आकडे त्याला आधीच पाठ होते, कशासाठी ते मात्र ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तो कारखान्यात आला. ड्रॉइंगवरून मशीनसाठी कागद टाइप करायचा, कुठला व्यास, कुठली खोली, किती इकडेतिकडे चालेल. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनला अडकवायचे. रंगनाथ साहेबांची एक शिस्त होती. वजाचं चिन्ह साध्या डॅशने टाकायचं नाही, झेरॉक्समध्ये ते पुसट येतं, लांब डॅश टाकायचा, शून्य एक पाच शून्य. पाहुणे आले की साहेब त्यांना गोरक्षच्या टेबलापाशी आणायचे आणि म्हणायचे, बघा, हा माणूस बघतसुद्धा नाही. गोरक्षही मग मुद्दाम खिडकीबाहेर बघत टाइप करायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, पण ते कळायला वेळ लागतो.

दहा वाजता हर्षाली आली. सव्वीस वर्षांची, नव्या सिस्टिमसाठी घेतलेली इंजिनिअर, सगळ्यांना सर म्हणणारी आणि त्यातल्या निम्म्यांना तो शब्द टोचतो हे ठाऊक नसलेली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, गोरक्षच्या हाताकडे पाहिलं, आणि विंडोजचं बटण व टिंब एकदम दाबून एक खिडकी उघडली. सगळी चिन्हं तिथे मांडलेली होती, माऊसने उचलायची. एवढंच, सर, असं ती म्हणाली. एवढंच होतं खरं. मग तिने आठवण दिली की तो फॉर्म आज पाचपर्यंत भरायचा आहे. फॉर्म मोबाइलवर आठवडाभर पडून होता. कारखान्याचे कागद आता सिस्टिमच काढणार, टाइप करणारा लागणार नाही. तेव्हा टाइप करणाऱ्याने एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची, कुठली ते निवडायचं, नाहीतर सिन्नरच्या गोडाऊनला बदलीसाठी संमती द्यायची. पायथॉन, जावा, सी, जावास्क्रिप्ट आणि खाली ‘अन्य’. गोरक्ष बघतो म्हणाला. तिने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, पाणी कुठे ठेवलंय सांगावं तशी. नव्या सिस्टिममध्ये जुन्या फाइली भरल्या की चिन्हांच्या जागी चौकोन येतात. म्हणून आज दुपारी ती एक प्रोग्रॅम चालवणार होती, पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या फाइलींवर, कुठल्या फाइलीत कुठलं चिन्ह किती वेळा आलंय त्याची यादी काढायला. तुम्ही बसा माझ्याशेजारी, सर, सगळी चिन्हं तुमचीच आहेत. गोरक्ष हसला. सगळ्या फाइली म्हणजे तीही फाइल. पुंजारामच्या कागदाची.

अकरा वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऑर्डरची घाई. बेअरिंग बसवायच्या एका भागाचं भोक चाळीस मिलिमीटरचं, त्यात वजा शून्य पॉइंट शून्य दोन. म्हणजे चाळीसला किंवा त्याहून केसभर लहान, मोठं अजिबात नको. बेअरिंग त्यात दाबून बसायला हवं. गोरक्षने तो कागद टाइप केला तेव्हा खिडकीबाहेर कुणीतरी नवी गाडी लावत होतं, तिची पूजा चालली होती, नारळ फुटत नव्हता आणि माणसं हसत होती. त्याचा हात पाचाऐवजी सहावर पडला. शून्य एक सहा शून्य. ते एक रिकामं अक्षर असतं. जागा अडवतं, दिसत काही नाही. कागदावर आलं चाळीस, मग थोडी मोकळी जागा, मग शून्य पॉइंट शून्य दोन. आणि शॉपमध्ये रीत अशी होती की चिन्ह नसेल तर अधिक धरायचं. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण जुन्या माणसाने नव्याला पहिल्या दिवशी सांगायची हीच. मशीनवर पुंजाराम होता, सिन्नरकडचा, गळ्यात माळ, हात इतका साफ की त्याचा माल तपासायला तपासणीस आळस करायचे. त्याने रीतीप्रमाणे अधिक धरलं. तपासणीसानेही मशीनला अडकवलेला तोच कागद बघून मोजलं आणि पास केलं. दोनशे बारा नग. गिऱ्हाइकाकडे बेअरिंग त्यात नुसत्या बोटाने आत गेली आणि बोटाने बाहेर आली. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. सगळा माल भंगारात गेला आणि खालून वरपर्यंत एकच प्रश्न, कुणी केलं. मशीनवरच्या कागदावर नेमकी त्याच जागी तेलाच्या अंगठ्याची खूण होती. सुपरवायझर खंडेराव म्हणाला, चिन्ह पुसलं असेल आणि हा मोबाइल बघत असेल. खंडेराव म्हणजे पुंजारामच्या बायकोचा, कुसाबाईचा सख्खा भाऊ. त्यानेच मेहुण्याला इथे लावलेलं, म्हणून अंगाशी यायच्या आधी तोच सर्वांत मोठ्याने बोलला. पुंजाराम एवढंच म्हणत होता की कागदावर चिन्ह नव्हतं. रंगनाथ साहेबांनी गोरक्षला सांगितलं, फाइल बघून ये.

त्याने फाइल उघडली आणि ती जागा पाहिली. समोर तक्ता नव्हता, पण बोटांना आपलं काम आठवलं. पाच आणि सहा शेजारी शेजारी असतात. त्या महिन्यात त्याचं कायम होण्याचं पत्र यायचं होतं, आठ वर्षांनी. मुलगा रुद्र आठ वर्षांचा होता. ही कारणं त्याने नंतर जमवली, खरं सांगायचं तर त्या क्षणी काहीच मनात नव्हतं, फक्त कान गरम झाले होते. त्याने कर्सर मोकळ्या जागेच्या अलीकडे नेला, ऑल्ट दाबला, आणि या वेळी नीट बघत शून्य एक पाच शून्य मारलं. सेव्ह केलं, प्रिंट काढला, नेऊन दिला. फाइलमध्ये आहे साहेब, असं तो म्हणाला. मिनिटही लागलं नाही. चौथ्या दिवशी पुंजारामचा राजीनामाही त्यानेच टाइप केला, ‘स्वेच्छेने’ हा शब्द घालून, कारण मजकूर तसाच आला होता. सही करायला पुंजाराम वर आला, टेबलापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, भाऊ, तुमी तरी एकदा बघा ना, नव्हतं हो चिन्ह. बघितलं मी, असं गोरक्षने उत्तर दिलं. ते खोटंही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका साखरपुड्याला जाताना सिन्नरच्या स्टँडवर जीपवाला ओरडत होता, तो पुंजाराम निघाला. केस गेलेले, माळ तशीच. त्याने पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे बसवलं आणि गोरक्षला शेजारी घेतलं. रस्ताभर एकेकाची चौकशी केली. अजून ती बटणं दाबून चिन्हं काढता का, असंही विचारलं, कौतुकाने. कधी गाडी लागली तर असू द्या म्हणून नंबर दिला आणि गोरक्षचाही घेतला. गोरक्ष उतरायच्या गावाच्या एक फाटा आधीच उतरला आणि उन्हात चालत गेला. साखरपुड्यात आधीच पोचलेल्या बायकोने, आशाने विचारलं, तोंड का असं, तर ऊन लागलं म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता टेबलावर बसून राहिला. फॉर्म उघडला. चार नावं आणि ‘अन्य’. रात्री रुद्रला विचारलं होतं. तो पुण्यात दुसऱ्या वर्षाला, त्याचं उत्तर तयार होतं, पप्पा, पायथॉन घ्या, सगळ्यात सोपं, पाचवीतली पोरं शिकतात. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. शेजारच्या टेबलावरचा अमित म्हणायचा, जावा घ्या, जावाला मरण नाही. मरण नाही म्हणजे काय, आणि ज्याला मरण नाही ते शिकायला आपण किती दिवस आहोत, असलं काहीतरी गोरक्षच्या डोक्यात आलं आणि गेलं. त्याने गेल्या आठवड्यात चारही भाषांचे व्हिडिओ लावून पाहिले होते, चौघेही मास्तर पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर ‘नमस्कार जग’ उमटवत होते. एवढ्या मोठ्या जगाला नमस्कार करायची त्याला काही घाई नव्हती. म्हातारपणी बाराखडी, असं त्याची आई म्हणाली असती, आणि वर, शिक की मग, काय बिघडतं, असंही. पण फॉर्म हा नुसता बहाणा होता. मन त्या सर्व्हरवरच्या जुन्या फोल्डरभोवती फिरत होतं. चोराच्या मनात चांदणं. प्रोग्रॅम चालायला अजून तासभर होता. मग त्याने ते फोल्डर उघडलं, अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर उघडला, ती फाइल उघडली. सगळं जागच्या जागी होतं. चाळीस, लांब वजा, आणि वजाच्या पुढे ती मोकळी जागा. ती त्याने तेव्हा पुसलीच नव्हती. जे दिसत नाही ते कोण पुसतं. त्याने कर्सर तिथे नेला. आता फक्त एक बॅकस्पेस, आणि ते बटण या लॅपटॉपला होतं. बाहेर कँटीनमध्ये स्टीलच्या ताटांचा आवाज चालला होता. गोरक्ष बोट बटणावर ठेवून बसला आणि त्याच्या लक्षात आलं की पाठ तशीच वाकली आहे, कान तसेच गरम आहेत, खुर्ची फक्त बदलली आहे. आपण पुन्हा तेच करतोय. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द त्याला सुचला नाही. दुसऱ्यांदा तेच करायचा कंटाळा आला, मनापासून कंटाळा आला. त्याने काही न बदलता फाइल बंद केली आणि डबा उघडला. भेंडीची भाजी होती, गार झालेली.

तीन वाजता हर्षालीने खुर्ची ओढून घेतली आणि त्याला शेजारी बसवलं. पंधरा-सोळा ओळींचा, पायथॉनमधला तो प्रोग्रॅम होता. ती एकेक ओळ सांगत गेली, ही फोल्डर उघडते, ही प्रत्येक फाइल वाचते, ही एकेक अक्षर घेते, ही मोजते. गोरक्षला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि ते कळणं त्याला त्या वेळी नको होतं. काही ओळी आत सरकवलेल्या होत्या. त्या तशा का, असं त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. या भाषेत पुढच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, सर, ती म्हणाली, जागा चुकली की प्रोग्रॅम चालतच नाही, लगेच सांगतो कुठे चुकलं ते. लगेच, असं गोरक्षने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तिने एंटर दाबलं. फाइलींची नावं खालून वर धावायला लागली, वर्षामागून वर्षं, कधीकाळी आपण टाइप केलेली नावं त्याला अर्धवट ओळखू येत होती. एकोणीस वर्षांचं काम वाचायला त्या मशीनला चार मिनिटं लागली. मग यादी आली. व्यासाची चिन्हं चौदा हजार काहीशे. अंशाची, अधिक-वजाची, लांब वजाची. हर्षाली खरोखर चकित झाली होती. एवढी चिन्हं हाताने, आणि एकही चुकीचं नाही, असं ती म्हणत होती, आणि तिचं बोट पडद्यावरून खाली सरकत होतं. सर्वांत खाली एक ओळ होती. तिथे चिन्ह नव्हतं, कारण ते दाखवता येत नाही, म्हणून नुसता नंबर. एकशे साठ. आणि त्यापुढे, एक.

तिने ती ओळ उघडली. चाळीस, वजा, मोकळी जागा. “हे एकच आहे, सर,” ती म्हणाली. “वजाच्या पुढे एक रिकामं कॅरेक्टर राहून गेलंय. कचरा आहे. डिलीट करते.”

“थांब.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, त्याला बरं वाटत नाहीये, आणि ती पाणी आणायला उठली. बस, तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, पडद्याकडे बघत, सलग, आवाज न चढवता. ती जागा आधीची आहे, वजा नंतरचा. मध्ये दोनशे बारा नग आणि एक माणूस. सांगताना त्याला वाटत होतं की हे सांगितल्यावर काहीतरी होईल, छत कोसळेल असं नाही, पण काहीतरी. हर्षालीच्या चेहऱ्यावर सुरुवातीला ‘चूक कुणाचीही होते’ असा मोठ्या मनाचा भाव होता, राजीनाम्यापर्यंत येता येता तो गेला. ती अकरा वर्षांपूर्वी शाळेत होती. पुंजाराम कोण, रंगनाथ साहेब कोण, तिला माहीत नव्हतं. साहेब तर रिटायर होऊन गावी गेले होते, खंडेरावही दुसरीकडे लागला होता. या कारखान्यात आता त्या कागदाचा न्याय करणारं कुणी उरलेलं नव्हतं. खाली नवीन माणसं होती आणि पुंजारामचं ते मशीनसुद्धा विकलं गेलं होतं. हे गोरक्षच्या त्याच वेळी ध्यानात आलं, सांगून झाल्यावर. तिने विचारलं, “रिपोर्टमध्ये काय लिहू, सर?” त्यात धाक नव्हता, खरंच विचारत होती. जे घडलं ते लिही, तो म्हणाला, माझं नाव घालून लिही, पुढे ते काय करायचं ते करतील. तिने मान हलवली. लिहायला मात्र लागली नाही. “त्यांना माहितीये का पण?” असं तिने विचारलं, “पुंजाराम यांना?” ती लॅपटॉप उचलून शेजारच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं.

साडेचार झाले होते. त्याने आधी फॉर्म भरला, पायथॉनवर खूण केली, फार विचार न करता. घरचं पोरगं म्हणतं ते, आणि निदान चुकलं तर लगेच सांगणारी भाषा तरी आहे. पाठवा असं बटण दाबलं तेव्हा हेही मनात आलं की उद्या रिपोर्ट वाचून आताचे साहेब गोडाऊनलाच पाठवतील किंवा घरी पाठवतील आणि हे शिकणं तिथेच संपेल. आशाला काय सांगायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मग पुंजारामचा नंबर काढला. तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता, पुसलाही नव्हता. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मागे स्टँडचा कालवा, कुणीतरी गावांची नावं ओरडत होतं.

“बोला गोरखभाऊ,” पुंजाराम म्हणाला. “गाडी पाहिजे का?”

नको, गाडी नको, असं म्हणून गोरक्ष थांबला. वाक्य त्याने जुळवून ठेवलं होतं, आधी माफी, मग हकिगत. तोंडातून निघालं ते उलटंच. “पुंजाराम, तुझ्या कागदावर चिन्ह नव्हतं. माझ्याच हातून राहिलं होतं. मी ते मागून घातलं.”

पलीकडून गावांची नावं येत राहिली. गोरक्षला वाटलं, आता शिव्या येतील, आणि त्या याव्यात असं त्याला फार वाटलं. शिव्यांवर माणूस काहीतरी म्हणू शकतो. पुंजाराम शांतपणे दुसऱ्याच कुणाला म्हणाला, उतरा बरं सगळे, मागची जीप भरा, माझं काम निघालंय. सवाऱ्या कुरकुरल्या. दार आपटल्याचा आवाज आला. “फोन ठिवू नका,” तो म्हणाला, “चालू ऱ्हाऊ द्या.” इंजिन सुरू झालं. फोन सीटवर ठेवलेला असावा, कारण नुसती घरघर येत होती आणि मध्येच खड्ड्याचा आदळा. गोरक्ष कान लावून बसला. हा आपल्याकडे निघालाय की काय, अंबडला, मारायला, असंही क्षणभर वाटून गेलं, आणि येऊ दे, असं त्याच्या पाठोपाठ. पाच मिनिटं झाली, सात झाली. अमितने बॅग उचलताना खुणेने विचारलं, येताय का, त्याने मान हलवून नाही म्हटलं. घरघर थांबली. चपलांचा आवाज, लोखंडी फाटक, कुत्र्याला हाड म्हटलेलं, आणि मग, कुसा, ए कुसा, हात पूस नि इकडं ये.

“गोरखभाऊ,” पुंजाराम फोनवर आला, चालून थोडा दमलेला. “आता जे बोलले ना, तेच हिला सांगा. तसंच सांगा. मी सांगितलं तर ही ऐकत नाय. हिचा भाऊ हिला तवाच सांगून गेला, मोबाइल बघत व्हता म्हणून.”

फोन हातातून हातात गेला. ओल्या हाताचा, बांगड्यांचा आवाज झाला, आणि कुसाबाई म्हणाली, हां, कोण बोलतंय?

गोरक्ष उभा राहिला. का उभा राहिला ते त्याला कळलं नाही. “वहिनी, मी गोरक्ष, अंबडच्या कंपनीतला,” तो म्हणाला. “तो कागद मी टाइप केला होता. चिन्ह माझ्याकडून राहिलं. तुमच्या मालकांनी काही चुकवलं नव्हतं. मोबाइल वगैरे काही नव्हतं, वहिनी. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोललो नाही.”

तिने एवढं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज पुन्हा आला, पण फोनपासून लांबून, नवऱ्याकडे वळलेला, आणि त्यात राग होता, खराखुरा राग.

“मंग हे तुमी मला तवाच का नाय सांगितलं?”

पुंजारामचा आवाजही लांबूनच आला.

“सांगितलं व्हतं,” तो म्हणाला.